किन्हीराजा सापडत नाही

आमच्याकडे माणूस बाहेर पडताना आधी मेन स्विच पाडतो, मग कुलूप लावतो. घर असो, दुकान असो, नाहीतर शाळा. लाइन गेली की परत येताना कशी येईल याचा काही भरवसा नाही. जास्त दाबानं आली की पंखा, टीव्ही, विहिरीवरची मोटर, सगळं धूर काढतं. ही सवय कुणी शिकवत नाही, ती हाताला लागलेलीच असते. पुण्याच्या एका कंपनीला ती माहीत नव्हती, आणि तेवढ्यापायी माझ्या गावचा दवाखाना बंद पडायची वेळ आली होती.

मी वाशिमला एका आरोग्य संस्थेत कामाला आहे. संस्थेचं मोठं हॉस्पिटल वाशिमला, एक लहान मंगरूळपीरला, आणि खेड्यांत एकेका खोलीचे दवाखाने. या सगळ्यांत मिळून कोणतं मशीन कुठं आहे, कशाला जोडलंय, ते बंद पडलं तर कोणाचं काय अडेल, ही माहिती एका जागी नीट ठेवायची, हे माझं काम. तिला सीएमडीबी म्हणतात. पहिल्यांदा हे नाव ऐकून आईनं विचारलं होतं, "हे कोन्त्या तापाचं औषध वं?"

मी म्हटलं, "मशीनचं रेशनकार्ड समज. नाव असलं त सगळं भेटते. नाव कटलं त काईच नाही."

आणि ते खरंच तसं होतं. ज्या मशीनचं नाव सीएमडीबीत नाही, त्याचं लॉगिन आपोआप बंद. कोणी चोरून आपलं मशीन संस्थेच्या नेटवर्कला जोडू नये म्हणून केलेला नियम, आणि नियम चांगलाच होता.

किन्हीराजाच्या, म्हणजे माझ्या गावच्या दवाखान्यात असं एकच मशीन आहे. ते मीच नेऊन टेबलावर बसवलं. सिस्टर पेशंटला त्याच्यापुढं बसवते आणि वाशिमचे डॉक्टर पडद्यावरून तपासतात. माझी आई तिथंच शुगर दाखवते. पडदा यायच्या आधी ती दाखवतच नव्हती. आमचं भाजीचं वावर आहे, माल जवळच्या मालेगावच्या बाजारात जातो. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "वाशिमले गेली का दिवस गेला. वांगे काय झाडावर थांबून राह्यते माह्यासाठी?" पायाला झालेली जखम तिनं हळद लावून लपवून ठेवली होती. डॉक्टरांनी ती त्या पडद्यावरच पाहिली, ओरडले, औषध बदललं. पाय वाचला. म्हणून ते मशीन माझ्यासाठी नुसतं मशीन नाही, हे आधीच सांगून टाकते.

मग संस्थेतल्या आमच्या साहेबांनी पुण्याच्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. ते रात्री सगळ्या नेटवर्कवर फिरणार, मशीन शोधणार, आणि जे सापडेल त्याची माहिती सकाळी माझ्या सीएमडीबीत ओतणार. महिनाभर जे सापडलं नाही ते रिटायर, म्हणजे नाव कट. माझ्या हाती काय, तर शेवटी मंजुरीचं बटण दाबायचं.

आई बाजारात शेजारणीची मेथी आपल्या ढिगात घेते तेव्हा जुडी सोडून आतून पाहते, शेजारीण कितीही जवळची असो. मीही बटण दाबायच्या आधी जुडी सोडली. मंगरूळपीरचा एकच प्रिंटर तीन नावांनी आला होता. हॉस्पिटलच्या वॉचमनचा मोबाइल सर्व्हर होऊन बसला होता. हसले, दुरुस्त केलं. मग खाली रिटायर होणाऱ्यांवर आले आणि हसू गेलं. खेड्यातले दवाखाने एकामागून एक, आणि त्यात किन्हीराजा.

कारण शोधायला लागलंच नाही. हे शोधतात रात्री, आणि रात्री आमच्याकडे मेन स्विच पडलेला असतो.

कंपनीच्या माणसाला फोन लावला. म्हटलं, दिवसा शोधा. तो म्हणाला, "मॅडम, दिवसा स्कॅन केलं तर नेटवर्क स्लो होतं. आणि आता आमचा डेटाच सोर्स ऑफ ट्रुथ आहे ना." वा रे वा! रात्री दार वाजवायचं, ओ आली नाही की माणूस मेला म्हणून लिहायचं, आणि वर त्याला सत्य म्हणायचं. मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते.

तरी म्हटलं, आपल्या बाजूनं करून पाहू. किन्हीराजाच्या दवाखान्यात झाडलोट करून संध्याकाळी कुलूप लावणारी एक मावशी आहे, शेजारच्या खेड्यातून येते, मला लहानपणापासून ओळखते. तिला फोनवर म्हटलं, "मावशी, महिनाभर मेन स्विच पाडू नका."

"काहून?"

"पुण्याची कंपनी रात्री मशीन पाहते. बंद असलं त नाही म्हणते."

"अन् जयलं त? तू भरून देशीन का तो पुन्यावाला देईन? मागच्या पावसाकयात पंखा जयला होता, इसरली काय? त्याले म्हना, दिवसा ये. आमी काय चोर आहो का रातीचं पाहाले?"

फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. तिनं काहून बदलावं? तिची सवय शहाण्या माणसाची आहे. खुळं आहे ते सॉफ्टवेअर, आणि मी शहाण्याला सांगून राहिले होते की खुळ्याप्रमाणे वाग.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभी राहिले. साहेब वाईट माणूस नाही. पण ट्रस्टींची मीटिंग जवळ आली होती आणि त्यांना पडद्यावर सगळं हिरवं दाखवायचं होतं. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं गाव हाये म्हनून तुमी अडून राह्यल्या."

"हो, माझंच गाव आहे," मी म्हटलं. "म्हणूनच मला माहीत आहे की तिथं मशीन आहे. कंपनीचं कोण गेलं होतं पाहायला?"

"आता बटन दाबून टाका. मंग पाहू."

"नाही दाबत."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमचा करार संपत आला, ध्यानात हाये ना?"

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. ही नोकरी गेली तर वाशिममध्ये दुसरी कुठं ठेवलीय? पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. मी म्हटलं, "ध्यानात आहे. दाबायचंच असेल त तुमच्या लॉगिननं दाबा. माह्या हातानं मी माह्या गावाचं नाव कापणार नाही." साहेबांनी दाबलं नाही. म्हणाले, मीटिंगमध्ये पाहू.

मीटिंगला संध्याकाळी ट्रस्टी बसले होते आणि कंपनीचा माणूस पुण्याहून पडद्यावर होता. त्यानं हिरवे-लाल गोल दाखवले आणि सांगितलं की किन्हीराजाला एकही मशीन नाही. मी विचारलं, "अजून एकीला जोडून घेऊ का?" सिस्टरला मी सांगूनच ठेवलं होतं. पडद्यावर दुसरी चौकट उघडली. त्यात सिस्टर, आणि तिच्या मागं हातात झाडू घेऊन मावशी.

"सर, जे मशीन नाही, त्याच्यावरून बोलताहेत या," मी म्हटलं.

मावशी पुढं वाकली. "काय म्हनून राह्यला तो?"

"म्हणतो, तुमच्या दवाखान्यात मशीनच नाही."

"आँ? मंग हे काय हाये? अन् मी पुसू कायले राह्यली रोज याले?"

ट्रस्टी हसले. कंपनीचा माणूस हसला नाही. म्हणाला, "ऑनलाइन आहे तर रात्री का दिसत नाही? तुमच्याच बाजूला काहीतरी प्रॉब्लेम असणार."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात मावशीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "झालं का वो तुमचं? माही गाडी निघून जाईन." असं म्हणत ती दाराकडं गेली, हात वर केला, आणि खट! सिस्टर "अवो मावशी" म्हणेपर्यंत चौकट काळी झाली.

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं, देवाशप्पथ. तिची वेळ झाली होती, तिनं स्विच पाडला.

"हे असं आहे," मी म्हटलं. "रोज."

मग सगळ्यांत वयस्कर ट्रस्टी, मालेगावचे, खाकरले आणि म्हणाले, "मीबी घरचा पाडूनच आलो." पुण्याच्या माणसानं विचारलं, म्हणजे काय? त्याला समजावून सांगायला साहेब पुढं झाले, आणि चांगलं समजावून सांगितलं, कारण साहेबही आमच्याकडचेच आहेत.

आता कंपनीचा डेटा येतो, पण माणसानं डोळ्यांनी पाहिलेल्या नोंदीवर तो चढत नाही. जे सापडलं नाही ते रिटायर होत नाही, माझ्यापुढं येऊन थांबतं. करार वाढवून दिला. वर्षाच्या शेऱ्यात साहेबांनी 'स्वभाव हट्टी' असं लिहिलं. तो मी आईला वाचून दाखवला, तेव्हा ती पायाला मलम लावत होती. म्हणाली, "बरं लिवलं."

आजही रोज सकाळी रिपोर्ट येतो की किन्हीराजा सापडत नाही. मी फोन लावते. पलीकडं आधी कुलूप निघाल्याचा आवाज येतो, मग स्विच चढवल्याचा, मग मावशीचा. "आहो ना आमी. कुठी जातो?"

मी लिहिते, आहे.