पांढऱ्या मातीच्या वड्या

माती दिसली की मॅडम आधी ती जिभेला लावत. एक ढेकूळ उचलायचे, पदराने पुसायचे, जिभेच्या टोकाला टेकवायचे आणि हलकेच ओढून पाहायचे. चिकटून राहिले की मान डोलवून म्हणत, "धरते." सहज सुटून आले की ढेकूळ फेकून देत. "हिच्यात दम नाही."

आमगावला एका लग्नाला जाताना रुळांच्या बाजूला खोदकाम चाललेले दिसले, तेव्हा त्यांनी वऱ्हाडाची जीप थांबवली होती. जरीची साडी सावरत त्या खड्ड्याच्या काठाशी उकिडव्या बसल्या आणि इथली थोडी, तिथली थोडी माती चाखू लागल्या. जीपमधून कोणीतरी ओरडले, "मॅडम, जेवण तिकडं मांडवात आहे!" त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

त्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'मातीखाऊ' म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि चालत होते.

केशोरीच्या अलीकडे त्यांचे गाव. गावाला जुना तलाव आहे आणि तलावाच्या वरच्या अंगाला, अलीकडच्या वर्षांत उभी राहिलेली एक पोल्ट्री. शेड धुतलेले पाणी नाल्याने तलावात उतरते. तलावाचे पाणी पाटाने धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, जाते. कोंबड्यांना पाण्यातून प्रतिजैविके पाजतात, आणि त्यातले बरेचसे औषध विष्ठेवाटे बाहेर पडते. बातमीदार म्हणून मी प्रथम गेलो तेव्हा मॅडमनी मला हे नाल्याच्या काठावर उभे करून समजावले होते.

"रोज थोडा थोडा मार खाणारं पोरगं कसं निगरगट्ट होते, पाहिलं ना तुम्ही? तसे हे जंतू. औषधाचा थोडा थोडा मार रोज बसला, की मंग खऱ्या औषधाले भीत नाहीत."

हा विषय त्यांच्या घरातला होता. त्यांच्या आईला सारे गाव माय म्हणे. माय जन्मभर रोवणीला, म्हणजे बांधीच्या चिखलात उतरून धानाची रोपे लावायला, जात आली होती. तिला शुगर होती. एका रोवणीत तिच्या टाचेची भेग पिकली. गोळ्या बदलल्या, पुन्हा बदलल्या, तेव्हा कुठे एक औषध लागू पडले. पुढच्या वेळी हेही चालेल याची खात्री नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. घरी येताच लेकीने फर्मान काढले की रोवणी बंद.

"मी घरी बसली तं बाकीच्या बाया काय दुसऱ्या पाण्यात उतरतीन?" माय म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमनी नाल्याच्या तोंडाशी सिमेंटची दोन टाकी बांधायला काढली. जागा पोल्ट्रीच्या मालकाची. तो गोंदियाचा, बोलायला मोकळा.

"मॅडम, पानी तो पानी है," तो म्हणाला. "मेरी मुर्गी भी यही पीती है. कुछ हुआ क्या?"

"मंग एक गिलास तुम्ही प्या," मॅडम म्हणाल्या. "मी इथं उभी आहे."

तो खूप हसला. पाणी प्यायला नाही. पण टाकी बांधू दिली.

पद्धत साधी होती. आमच्याकडे भिंती पोतारायला छुई वापरतात, म्हणजे खाणीतून काढलेली पांढरी माती. पंचक्रोशीतल्या छुया चाखून आणि नंतर प्रयोगशाळेत तपासून मॅडमनी एक निवडली होती. शेडचे पाणी टाक्यात अडवायचे, त्यात छुईची भुकटी टाकून बांबूने ढवळायचे आणि निवळू द्यायचे. पाण्यातले औषध मातीच्या कणांना चिकटते आणि मातीबरोबर तळाशी बसते. वरचे पाणी नाल्यात सोडायचे. तळाची माती काढून, तिच्या वड्या थापून, काठावर वाळवायच्या आणि गावातल्या कुंभाराच्या भट्टीत भाजायच्या, म्हणजे आत धरलेले औषध आणि मातीबरोबर बसलेले जंतू जळून जातात. नागपूरच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत त्यांनी आधीचे आणि नंतरचे पाणी तपासून घेतले. औषध सगळे गेले नव्हते, पण बरेच कमी झाले होते.

मी बातमी दिली. मथळ्यात 'चमत्कार' हा शब्द होता. सकाळीच फोन आला.

"चमत्कार कायले लिहिला? उद्या लोकं टाक्यापाशी नारळ फोडतीन."

लोकांना नीट समजावे म्हणून त्यांनी एका रविवारी, वंदना झाल्यावर, बुद्धविहाराच्या अंगणात प्रयोग करून दाखवला. पाण्यातले प्रतिजैविक डोळ्यांना दिसत नाही. दिसावे म्हणून त्यांनी जखमेला लावायचे जांभळे औषध घेतले. काचेच्या बाटलीत पाणी, त्यात औषधाचे थेंब. पाणी जांभळे झाले. मग छुई टाकून बाटली हलवली आणि पायरीवर ठेवली. थोड्या वेळाने वरचे पाणी नितळ झाले, तळाची माती जांभळी.

"औषध कुठं गेलं?" मॅडमनी वर्गात विचारतात तसे विचारले.

"मातीत!" सगळ्यांच्या आधी माय ओरडली. पांढरे लुगडे नेसून ती पहिल्या रांगेत बसली होती. शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "पाहिलं? माझी पोरगी आहे."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मी त्यांना असे हसताना फार वेळा पाहिलेले नाही.

कुंभाराची भट्टी रोज पेटत नाही. भाजण्याइतकी मडकी झाली की तो ती लावतो. तोवर वड्या तलावाच्या काठावर पडून राहत. दिवाळी आणि तिच्यामागून भरणारी मंडईची जत्रा जवळ आली, घरे पोतारायचे दिवस आले, तशा वड्या कमी होऊ लागल्या. मॅडमना वाटले, ढोरे तुडवत असतील. त्यांनी काट्यांचे कुंपण घातले. शेवटी कुंभारानेच सांगितले.

"ढोरं नाई मॅडम, बाया नेऊन राहिल्या. खाणीत उतरा कायले, दरड पडते. इथं आयती हाये."

त्या तडक पहिल्या घरी गेल्या. तिथली बाई भिंत पोतारतच होती.

"काऊन नेली?"

"औषधाची माती आहे ना मॅडम. वास येते थोडा, पण शेण मिसळलं की जाते. औषध वाईट कसं होईन?" आणि चांगली बातमी द्यावी तशी ती पुढे म्हणाली, "माय तं पायाले लावते. तिनंच सांगितलं आम्हाले."

माय घरी पाय लपवून बसली होती. टाच पुन्हा चिरली होती. ती सांगितले तसे बांधीत उतरली नव्हती. भेग अंगणातच दगड लागून उघडली होती. लेकीला त्रास नको म्हणून तिने काही सांगितले नाही. रोज वडीचा तुकडा पाण्यात उगाळायचा, टाचेवर लेप द्यायचा आणि वर फडके बांधायचे. फडके सोडले तेव्हा आतले मांस काळे पडले होते.

"माय, हे काय केलं तू?"

"तुझंच तं औषध आहे. जखमेचं होतं ना ते? बाटलीत तूच दाखवलं."

हे मला मॅडमनीच सांगितले, गोंदियाच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात. आवाज वर्गातला होता. जांभळे औषध निवडले ते रंग दिसावा म्हणून, एवढे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "शाई घ्यायले पाहिजे होती. शाईनं झालं असतं."

डॉक्टरांनी एक औषध दिले, मग दुसरे, मग बाहेरून मागवलेले तिसरे. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. औषध लागू पडत नव्हते. त्या व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांना हे वाक्य नवे नव्हते; तुमच्याही कानावर आले असेल. माय शुद्धीत असेपर्यंत शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "माझी पोरगी पाणी साफ करते." धानाची कापणी संपत आली तेव्हा ती गेली.

त्या मातीमुळेच जखम चिघळली, असे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. शुगर होती, वय होते, उपचाराला उशीर झाला होता. मी हे मॅडमना म्हणून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही बातमी बरोबर लिहिता. मले ती उपयोगाची नाही."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या सकाळी त्या बादली, ब्रश आणि खरवडणी घेऊन घरोघर निघाल्या. गावातली पोरे भिंतीची छुई चाटतात, पोटुशा बाया खरवडून खातात. हे त्यांच्या डोक्यातून जाईना. ज्या ज्या घरी वड्या गेल्या होत्या, तिथली भिंत त्या ओली करत, खरवडत आणि पडलेली माती पोत्यात भरून कुंभाराकडे पोहोचवत. बायांनी आधी विरोध केला. "नका करू मॅडम, सुतकात आहात तुम्ही." मग एकेक जण पदर खोचून सोबतीला लागली. भट्टीत त्या वेळी एकही मडके नव्हते. नुसती माती भाजली गेली.

टाकी बंद झाली. ग्रामपंचायतीत विषय निघाला तेव्हा मॅडम सभेला गेल्या नाहीत. कुंपण पक्के करून, भट्टी रोज पेटवून काम पुढे नेता येईल, असे मीच त्यांना सुचवले होते. "नेता येईन ना," त्या म्हणाल्या. "कोणीतरी करा." उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली. शेडचे पाणी पूर्वीसारखे थेट नाल्यात उतरते, आणि त्या पावसाळ्यात बाया त्याच पाण्यात रोवणीला उतरल्या.

एवढ्यात त्या गावाला जाणे झाले. मॅडमच्या घराला कुलूप होते. शेजारीण ओसरीवर धान पाखडत होती. मी खिडकीच्या गजांतून आत पाहिले. आतली भिंत पांढरी होती. तिच्यावर हाताने पोतारल्याच्या कमानी एकीला एक लागून उमटल्या होत्या. खालच्या ठळक, वरच्या जिथे हात जेमतेम पोहोचला तिथे पुसट.

"हे घर राहिलं का खरवडायचं?" मी विचारले.

शेजारणीने सूप खाली ठेवले.

"सगळ्यात शेवटी आल्या होत्या इथं. मायच्या हातची भिंत, वली केली. बराच वेळ उभ्या होत्या. मंग ब्रश मले देऊन टाकला आणि म्हणाल्या, इथं लहान पोर नाही कोणी."