चौथी ‘ब’ला मेट्रो समजावली

माझ्या नातीने वर्गात सांगून टाकलं, “आमचे आबा मेट्रो बनवतात.”

मी सहावी नापास माणूस. आयुष्यभर चांदवडच्या बाजूला विहिरींवरच्या मोटरी भरल्या. भरल्या म्हणजे जळालेली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची. मेट्रोला मी एकदाच हात लावलाय, तोही पडू नये म्हणून.

आता लेकाकडे नाशकात असतो. इथे मेट्रो नाही. येणार, येणार म्हणतात, तोवर आम्ही म्हातारे झालो. मी बसलो ती पुण्याची, जमिनीखालून जाणारी. बायकोला दवाखान्यात दाखवायला नेलं होतं. तिने विचारलं, “अहो, इंजिन नाही, धूर नाही, मग ओढतंय कोण?” मला येत नव्हतं, म्हणून खेकसलो, “तुला काय करायचंय? बस गप.” बसली बिचारी. दोन महिन्यांनी गेली.

मग मी हात धुऊन त्या मेट्रोच्या मागे लागलो. लेकाच्या फोनवर बघितलं. पुण्याला जाऊन मेट्रोच्या एका वायरमनला चहा पाजून पाजून विचारलं. कळलं ते रोज जेवताना सांगायचो. लेक-सून ताट उचलून पळायचे. नात तेवढी ऐकायची. त्यातून तिने हा उद्योग केला.

बाईंनी मला शनिवारी वर्गात बोलावलं. नात म्हणाली, “आबा, एक तास मेट्रो बनवणारे व्हा ना! नाहीतर सगळे मला थापाडी म्हणतील. शाळा बदलावी लागेल.”

मी हो म्हणालो.

पण मला खोटं पचत नाही. मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, भाजी आंबलीय. तेव्हा बायकोने कोपराला चिमटा काढला होता. वर्गात चिमटा काढायला कोण? बाई म्हणाल्या, “हे आजोबा मेट्रो बनवतात,” आणि मी म्हणालो, “नाही. मी विहिरीवरच्या मोटरी भरतो.”

नातीने बाकावर डोकं टेकलं. मागून एक पोरगा ओरडला, “थापाडी!”

आता माघार नव्हती. म्हणालो, “ऐका. मेट्रोला पुढे वेगळं इंजिन नसतं. डब्यांच्या खाली, चाकांपाशीच मोटरी असतात. बोगद्याच्या छताला एक पट्टी असते, तिच्यात वीज. गाडीच्या टपावरचा हात तिला घासत जातो नि वीज खाली आणतो.”

“आजोबा, त्या पट्टीला आपण हात लावला तर?” एका मुलीने विचारलं.

“तर तुझी हजेरी कायमची बंद.”

बाई खोकल्या.

“आता थांबते कशी? गाडी आवरायची असली की मोटरची वीज बंद. मग चाकंच मोटरला फिरवतात, आणि मोटर उलटी वीज बनवायला लागते. त्या कामाने चाकं जड होतात, वेग पडतो. ती वीज वर पट्टीत जाते आणि पलीकडे निघालेल्या दुसऱ्या गाडीला मिळते. अगदी शेवटी नेहमीचे ब्रेक.”

“खोटं!” पुन्हा तोच पोरगा.

मी पिशवीतून खेळण्यातल्या दोन मोटरी काढल्या. दोघींना कागदी पंखे लावले होते. सेल नाही, काही नाही, नुसती एकमेकींना तारेने जोडलेल्या. एकीच्या दांड्याला भोवऱ्यासारखा दोरा गुंडाळला आणि ओढला. ती गरगर फिरली. दुसरी ढिम्म. पुन्हा ओढला. ढिम्म. वर्ग खिदळला.

नात ताडकन उठली. “आबा, तार खरवडली नाही तुम्ही!”

मेलो. तांब्याच्या तारेवर वार्निश असतं. टोकं खरवडल्याशिवाय वीज जात नाही. ज्याला ज्याला हे काम शिकवलं, त्याला यावरून शिव्या दिल्यात मी. तिने कंपासमधलं कर्कटक काढलं, टोकं खसाखसा खरवडली, पीळ मारला आणि दोरा ओढला.

दुसरा पंखा फिरला.

पोरं बाकांवर चढली. “परत कर! परत!” थापाडी म्हणणारा सगळ्यात पुढे. दोरा ओढायला बाईंनीही नंबर लावला. चार-पाच वेळा झाल्यावर त्या पोराने नातीकडे बघून विचारलं, “म्हणजे तुझे आबा नाही... तू बनवतेस काय मेट्रो?”

“हो,” ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं.

मी मिटलं.