मॉरीनची रेव्ह आणि माझी फुगडी

मंडळी, आज दुपारी इथे आयर्लंडमध्ये, लेकीच्या गावी मलिंगारला, मी चक्क रेव्हला, म्हणजे दणदणाटी संगीतावरच्या नाचाच्या पार्टीला जाऊन आले!

लेकीची शेजारीण मॉरीन साठीची. तरुणपणी अशाच धडधडत्या संगीतावर नाचताना तिला नवरा भेटला. तो गेल्यापासून नाच बंद. आज गावातल्या हॉलमध्ये जुन्या रेव्हवाल्यांसाठी कार्यक्रम होता, पण एकटीनं जायचा तिला धीर होईना. म्हटलं, "चल गं, मी येते."

संगीत सुरू झालं आणि बाई भिंतीला चिकटली. मी सवयीनं चपला दाराशीच काढल्या होत्या. तिचे दोन्ही हात धरले, तिढा घातला आणि फुगडी सुरू!

"अगं, पडेन मी!" ओरडत होती, पण हात सोडेना. मग डोळे पुसत म्हणाली, "तू बस आता," आणि दोन तास एकटी नाचली.

मी गुडघ्यांना तेल चोळतेय. तुम्हाला मनसोक्त नाचून किती वर्षं झाली हो?