कपाटातला दुसरा भाग

"हातात देऊ नको. खाली ठेव. पायरीवर."

मी पुस्तक खालच्या पायरीवर ठेवलं आणि मागे सरले. वाचनालयाचे अण्णा बाहेर आले. टेबल पुसायच्या फडक्यात धरून त्यांनी ते उचललं आणि बाहेरच्या कट्ट्यावर उघडं टाकलं. उन्हात. आमच्या वस्तीतून परत आलेल्या पुस्तकाला आधी ऊन दाखवायचं, मगच ते आत जायचं. आत गावातली पोरं पेपर चाळत बसली होती. त्यातला एक ओरडला, "अण्णा, उलटून टाका. दुसरी बाजू बी वाळू द्या." सगळे हसले. अण्णाही हसले.

मी नववीत होते. मला रडू आलं नाही, राग आला होता. पण रागापेक्षा भीती जास्त होती. राग तोंडावर दिसला तर पुढचं पुस्तक मिळणार नाही, ही भीती. म्हणून मीही थोडी हसले.

आम्ही बौद्ध. आज्याने धर्म बदलला होता, गावाने काही बदललं नव्हतं. वाचनालय सरकारच्या मदतीवर चालायचं, ग्रामपंचायतीशेजारच्या खोलीत. आत यायचं नाही असं कुणी कधी तोंडाने म्हटलं नाही. पण मी पायरीपाशी थांबायची आणि अण्णा टेबलाखालच्या ढिगातलं हाताला लागेल ते काढून पायरीवर टाकायचे. एकदा दिवाळीच्या फराळाचं पुस्तक दिलं. बाहेर दुष्काळ, घरात ज्वारीच्या कण्या, आणि मी मायला अनारसे कसे करायचे ते वाचून दाखवून राहिले होते. माय म्हणाली, "एवढं तूप कोन खातंय गं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "वाच अजून येकदा."

मग एक दिवस त्या ढिगातून कादंबरी निघाली. जाडजूड, पहिला भाग.

त्या वर्षी आमच्या वस्तीचा आड आटला होता. पाणी उरलं होतं ते मालकांच्या मळ्यातल्या विहिरीला. मालक म्हणजे गावातले बडे शेतकरी, वाचनालयाचे अध्यक्षही तेच. आमच्या बायांनी विहिरीला हात लावायचा नाही. काठापासून लांब बसायचं. मालकांच्या गड्याला वेळ मिळाला की तो पाणी शेंदायचा आणि वरून आमच्या घागरीत ओतायचा. तोवर बसून राहायचं. सकाळ अशी जायची.

तिथे मी ती कादंबरी वाचायला लागले. आधी मनात. मग माय म्हणाली, मोठ्यानं वाच की. सासरी छळलेली एक बाई लेकराला पोटाशी धरून घर सोडते. नदीपाशी येते. नदीला पूर. नदीला पूर म्हटलं की आमच्या बाया रिकाम्या घागरींवर हात मारून हसायच्या. बाई नावाड्याला म्हणते, मला पलीकडे ने. आणि तिथेच पहिला भाग संपला.

"मंग? नेतंय का तो?" सगळ्या विचारायला लागल्या.

वस्तीतली सगळ्यात म्हातारी गंगूआजी म्हणाली, "न्हाई नेनार. आदी जात इचारील."

त्यावर किती दिवस वाद चालला होता. गडी पाणी ओतून गेला तरी बाया उठायच्या नाहीत. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की माझ्या हातात काहीतरी आहे.

मी अण्णांना दुसरा भाग मागितला. ते म्हणाले, "त्यो कपाटात हाय. कपाटातली पुस्तकं बाहेर देत न्हाईत. आत बसून वाचायची."

आत बसून. मी पायरीकडे बघितलं आणि घरी आले.

आमचा लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादेतून फुटून निघाला होता. नवे साहेब, नव्या पाट्या. दुष्काळ तेवढा जुनाच. त्या नव्या जिल्ह्याचे साहेब आमचं वाचनालय तपासायला येणार असं कळलं. वाचक काय वाचतात, पुढे काय वाचणार, हे ते वाचकांच्याच तोंडून ऐकणार होते. आणि वाचकांत आमच्या वस्तीतलं कुणीतरी दिसायला हवं होतं. नाहीतर वाचनालयाची मदत अडली असती.

मालकांनी मला मळ्यात बोलावलं. माय सोबत आली. आम्ही दोघी उन्हात उभ्या, ते लिंबाखाली बाजेवर.

"साहेब इचारतील, काय वाचून राहिलीस. सांगायचं, संतांची चरित्रं. पुढं काय वाचणार? तेच. वाचनालयात समद्यांना सारखं वागवतेत का म्हनले, तर हाव म्हनायचं. कळलं?"

मी मान हलवली.

"हुशार हाय पोरगी," ते मायकडे बघून म्हणाले. "उन्हाळा लई बाकी हाय अजून. पानी जपून पुरवावं लागतंय."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. घरी आल्यावर म्हणाली, "म्हन बाई ते म्हंतेत तसं. येका दिसापुरता तर सवाल हाय." बोलताना ती सारखी दाराकडे बघत होती. मायला इतकं भ्यालेलं मी आधी पाहिलं नव्हतं आणि त्यानेच माझा धीर सुटला. बा तर लातूरकडे रस्त्याच्या कामावर गेलेला. मी ते वाक्य पाठ केलं. संतांची चरित्रं. संतांची चरित्रं. जेवताना, झोपताना, शाळेच्या वाटेने. वाक्य विसरलं तर अख्खी वस्ती तहानेने मरेल, असं मला वाटत होतं. कादंबरी अण्णांनी साहेब यायच्या आदल्या दिवशीच परत मागवून घेतली.

आता मी भोकरला शाळेत शिकवते. शनिवारी मुलांना विचारते, या आठवड्यात काय वाचलं, पुढे काय वाचणार? एखादं पोर उत्तर देण्याआधी दाराकडे बघतं. ते कुणाला भितं, हे कळेपर्यंत मी पुढचा प्रश्न विचारत नाही.

साहेब आले त्या दिवशी मी पहिल्यांदा ती पायरी चढले. आत सतरंजी, खुर्च्या, उदबत्ती. मला दाराशी एक स्टूल ठेवलेलं. एकेक जण उठून सांगत होता. कुणी शेतीचं पुस्तक वाचलेलं, कुणी शिकारीच्या गोष्टी. पुढे काय वाचणार तेही सगळे झोकात सांगत होते. साहेब मान डोलवत होते. लघवी होते की काय, असं वाटत होतं.

"आणि तू, बाळ? तू काय वाचतेस?"

मी उठले. मालक माझ्याकडे बघत होते. वाक्य ओठावर होतं. मी खाली बघितलं, मग दाराबाहेर. आणि कट्ट्यावर माझं पुस्तक दिसलं. कादंबरीचा पहिला भाग. उन्हात उघडा पडलेला. साहेबांच्या गडबडीत अण्णा तो उचलायला विसरले होते. पानं वाऱ्याने फडफडत होती. बाई, लेकरू, नदी, नावाडी, सगळे तिथे वाळत पडले होते.

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. धीर बिर काही आला नव्हता. भीती होती तेवढीच होती. पण ते पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघेना.

"ते पुस्तक वाचलं," मी म्हणाले.

"कुठलं?"

"ते. कट्ट्यावरचं. मी वाचलंय म्हनून त्याला ऊन दाखवून राहिलेत."

साहेबांनी कट्ट्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. अण्णा सतरंजीकडे बघत होते.

"बरं. आणि पुढे काय वाचणार?" साहेबांनी विचारलं. त्यांनाही काय विचारावं ते सुचलं नसावं.

"ह्याचाच दुसरा भाग. त्या कपाटात हाय. कपाटातली आत बसून वाचायची असतेत. मी आत बसून वाचणार. खुर्चीवर."

साहेब खाकरले. "द्या हो हिला दुसरा भाग," म्हणाले आणि मालकांसोबत चहाला गेले. एवढंच. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. जीप निघून गेली आणि धूळ खाली बसली. अण्णांनी कपाटाला कुलूप लावलं. मालक जाताना माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्याला मी सगळ्यात जास्त भ्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरचा गडी म्हणाला, "पानी न्हाई. झरं आटलेत." बैलांचा हौद काठोकाठ भरलेला आम्हाला सगळ्यांना दिसत होता. बाया घागरी घेऊन उभ्या. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

एक म्हणाली, "पुस्तकापायी पानी घालवलंस, भवाने." तिच्या कडेवर तान्हं होतं. तिला मी काय सांगणार? ती खरं तेच बोलत होती. मला वाटलं, आत्ताच मालकांच्या पायावर डोकं ठेवावं. मी वळलेसुद्धा. मायने दंड धरला.

"कुठं चाललीस?"

"माफी मागते."

"काय खोटं बोललीस?"

मी दंड सोडवायला बघितला. मायने सोडला नाही.

"तुला खोटं बोल म्हनले ती मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चुकले. चला नदीला."

नदीत पाणी नव्हतं. वाळूत खणून झिरा काढायचा, तळाशी पाणी पाझरेपर्यंत थांबायचं आणि नारळाच्या करवंटीने घागरीत भरायचं. लांबची वाट, तापलेली वाळू. मला शिव्या घालणारी बाईही आली. तिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पाय भाजत होते. कुणी हसत नव्हतं. झिऱ्याला पाणी यायची वाट बघत आम्ही बसलो. बऱ्याच वेळाने गंगूआजी म्हणाली, "मंग? कवा वाचतीस पुढलं?"

मला वाटलं ती टोमणा मारते. तिचं तोंड बघितलं. ती खरंच विचारत होती.

शनिवारी मी वाचनालयात गेले. पायरीपाशी पाय थांबले, सवयीने. मागे फिरले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. मी पायरी चढले. पेपर वाचणाऱ्या पोरांनी पेपर खाली केले. एक रिकामी खुर्ची होती, ती मी ओढली. तिचा लई मोठा आवाज झाला.

अण्णा उठून उभे राहिले. "काय पाहिजे?"

"दुसरा भाग."

"कपाटाची किल्ली मालकाकडं हाय."

मी खुर्चीत बसले. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

"बोलवा त्यांना," मी म्हणाले. "मी बसलेय इथं."