अण्णाच्या दारातली साखळी

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चिंचेवर चढून पाला ओरबाडत होतो. बांधावरनं एक जण ओरडला, "भाऊराव, तुमचा चेअरमन गेला!" मी वरूनच म्हणालो, "चेअरमन तुमचा. माझा दोस्त होता." मग उतरलो. पाला तसाच काखोटीला राहिला.

चौथीतनं शाळा आम्ही दोघांनी बरोबरच सोडली. त्याला पुढं सोसायटीचं चेअरमनपद मिळालं, मग साखर कारखान्याचं संचालकपद. मला माझा हेका मिळाला. दुष्काळ सुरू झाला तशी डोंगरातली माकडं पाण्यासाठी गावात उतरली. मेलेल्या आईच्या पोटाला चिकटलेलं एक पिल्लू अण्णानं उचललं आणि दारातल्या कडुलिंबाला साखळीनं बांधलं. चिंगी नाव ठेवलं. तिला हातानं दूध पाजायचा, तेव्हाचा अण्णा मला अजून आवडतो.

पुढं रीतच पडली. उसाला तोड, म्हणजे कारखान्याची तोडणीची पाळी, मागायला आलेल्यानं आधी चिंगीच्या हातात पेढा द्यायचा. तिनं तो तोंडात टाकला की अण्णा म्हणायचा, "बाईसाहेब राजी झाल्या. बोला आता." पाण्याविना ऊस उभा वाळू लागला तशी सगळ्यांनाच तोड आधी पाहिजे होती. सिरसाळ्याच्या बाजारातनं पुडेच्या पुडे येऊ लागले. गाव टँकरमागं पळून वाळलं आणि चिंगी फुगली. पोट भुईला टेकायला लागलं. लोक कौतुकानं म्हणायचे, "खाल्लेलं अंगी लागलं बघा." मी पेढा नेला न्हाई. चिंचेचा पाला नेला. तिनं हुंगून फेकला आणि अख्खा ओटा हसला. "भाव्या, तुझा ऊस नापसंत झाला बे!" अण्णा म्हणाला. तो चेष्टेत बोलला, पण तोड खरंच आली न्हाई. माझा ऊस जनावरांनी खाल्ला.

मग ती मुतेल तिथं मुंग्या जमायला लागल्या. दिवसभर पाण्यासाठी तोंड वासून बसायची, झाडावर चढायचं सोडाच, उठायचीसुद्धा न्हाई. मीच जनावरांच्या डॉक्टरला घेऊन गेलो. अण्णाला स्वतःला शुगर होती. त्याचंच यंत्र घेऊन डॉक्टरनं चिंगीचं बोट टोचलं. आकडा बघून अण्णा मांडीवर थाप मारून हसला, "माझ्यापरीस पुढं गेली की ही!" डॉक्टर हसला न्हाई. म्हणाला, "गोड बंद. पाला, शेंगा द्या. साखळी काढा, उड्या मारू द्या, न्हाईतर मरंल ती."

"गोड बंद केलं तर माझ्या दारात लोक कशाला येतील?" अण्णानं विचारलं.

डॉक्टरनं बॅग उचलली. मी म्हणालो, "मला दे तिला." अण्णा म्हणाला, "तुझ्याकडं काय खाईल? पाला?" पुन्हा सगळे हसले…

एके सकाळी ती लुळी पडली. अंगात ताकद न्हाई म्हणून कुणीतरी गुळाचं पाणी पाजलं. दुपारपर्यंत खलास. मी तोंड उघडून पाहिलं, तर गालफडात पेढा तसाच होता. अण्णानं हलगी लावून मिरवणूक काढली. पुरताना लोकांनी तोंडात आणखी साखर घातली.

त्यानंतर शुगरनं अण्णाच्या पायाची बोटं गेली, मग पाय. शेवटच्या भेटीत खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. नजर गेलेली. पावलांच्या आवाजावरनं त्यानं ओळखलं. "भाव्या, गोड काय आणलंस?"

"फुटाणे."

एक तोंडात टाकला, थुंकला. "तू मरशील तरी सुधरणार न्हाईस बे." मग माझा हात धरून बसला. चिंगीचं नाव त्यानं काढलं न्हाई, मीही न्हाई.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. अण्णाच्या पोरानं पेढा ठेवला, लगेच शिवला. लोक म्हणाले, अण्णा सुटले.

आता पोरगा संचालकपदाला उभा राहतोय. परवा त्याच्या दारात गेलो, तर कडुलिंबाच्या खोडाला घासून पडलेल्या त्याच खाचेत तीच साखळी होती. टोकाला एक नवं पिल्लू, ही पण मादीच. हलकं, चपळ. मी पाला पुढं केला, तिनं घेतला, बोटांनी निवडून खाल्ला. तेवढ्यात एक जण पुडा सोडत आला. ती पाला टाकून त्याच्याकडं गेली.

"दादा, राजी झाली का?" त्यानं ओट्यावर बसलेल्या अण्णाच्या पोराकडं बघून विचारलं.

मी खाली पडलेला पाला गोळा केला. उद्या पुन्हा पाला घेऊन जाणार हाय. हसू द्या.