उन्हात ठेवलेलं ग्लिसरीन

मावळातल्या औंढ्याहून पहाटे निघून लोणावळ्याला गाडी धरायची आणि पुण्याला कॉलेजात जायचं, असा माझा रोजचा क्रम होता. लोणावळ्याच्या एका वकिलाचा मुलगा माझ्याच वर्गात होता. प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी. माझ्या तोंडून ‘न्हाई’ निघालं की तो मागून हळूच वेडावायचा. तेवढं मी सोसत होतो.

मग द्रवाचा चिकटपणा मोजायचा प्रयोग आला. उंच काचनळीत ग्लिसरीन भरायचं, वरून पोलादाची बारीक गोळी सोडायची आणि दोन खुणांमधून जायला तिला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. माझी गोळी भलतीच भरभर खाली गेली. पुन्हा सोडली, तरी तेच. दिसलं ते लिहिलं.

प्रोफेसरांनी वही पाहिली. “हे ग्लिसरीन आहे की ताक? आकडे घरून आणलेत?”

“न्हाई सर, गोळी तशीच पडली.”

वर्ग हसला. खोटे आकडे लिहिले म्हणून त्यांनी मला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. मी मागितली.

संध्याकाळी गाडीत वकिलाचा मुलगा माझ्याकडे पाठ करून बसला होता. मी मागे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तो मित्राला सांगत होता, “त्याच्या नळीत मीच पाणी घालून ढवळलं. मावळ्याला पेज काय नि ग्लिसरीन काय.” तळेगाव गेलं, कामशेत गेलं, मी त्याच्या मानेकडे बघत बसलो. तक्रार केली असती तर माझं कुणी ऐकलं नसतं. मी परीक्षेची वाट पाहिली.

परीक्षेच्या दिवशी मी आधीच्या गाडीनं गेलो. झाडलोटीसाठी प्रयोगशाळा उघडी होती. टेबलांवर आमचे नंबर लावून नळ्या भरून ठेवलेल्या. त्याची नळी उचलून मी खिडकीतल्या चैत्राच्या उन्हात ठेवली आणि घंटेच्या जरा आधी जागेवर आणली. ग्लिसरीन तापलं की पातळ होतं, आणि हा गडी नळीत थर्मामीटर कधीच घालत नसे. भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा वहीत उतरवायचा.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याचं उत्तर पाहून विचारलं, “ग्लिसरीनचं तपमान घेतलंत?”

“हो सर.”

त्यांनी स्वतःचा थर्मामीटर आत सोडला आणि वर चढलेला पारा त्याला दाखवला. “मग वहीत हे काय लिहिलंय?”

त्यानं भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं. परीक्षकांनी त्याला नापास केलं.

त्या संध्याकाळी गाडीत मी मुद्दाम त्याच्यासमोर बसलो.

“तुझी नळी उन्हात म्या ठेवली व्हती.”

त्याचा चेहरा उतरला. “मी सरांना सांगेन.”

“सांग की. पान्याचं बी सांग.”

तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

घरी आई म्हणाली, “आज लय जेवतुयास.”

“व्हय. आनखी थोडा भात वाढ.”

पुढच्या वर्षी तो मागच्याच वर्गात बसला. लोणावळ्याच्या बाजारात मी दिसलो की रस्ता बदलायचा. मग मीही वाट वाकडी करून त्याच्या दारावरून जाऊ लागलो. अजून मला त्याचं वाईट वाटत नाही.