हरकत नोंदवून भरलेले पैसे

न्हावा शेवा बंदरात येणाऱ्या मालाचे कागद तयार करण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. मी एका क्लिअरिंग एजंटाकडे कामाला होतो. कंटेनर आम्हाला क्वचितच दिसायचा, आम्ही त्याचे कागद बघायचो. कागद बरोबर असला की माल सुटायचा, एक आकडा चुकला की अडकायचा. निवृत्त झाल्यावर खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत कोणालाही सरकारी पत्र आलं की ते आधी माझ्याकडे यायचं. मी चष्मा लावून त्यातल्या चुका काढायचो. ते मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

फोनवरून फसलेल्या लोकांच्या बातम्या मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो. कधी डॉक्टर, कधी प्राध्यापक. ‘डिग्र्या आहेत, पण अक्कल शून्य,’ हा माझा ठरलेला शेरा.

गेल्या वर्षी एका सकाळी मलाच फोन आला. तुमच्या नावाचं पार्सल कस्टम्सने अडवलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत, असं तो माणूस म्हणाला. दुसऱ्या कोणाला घाम फुटला असता. मी म्हणालो, “नोटीस पाठवा.” पाच मिनिटांत मोबाइलवर नोटीस आली. ती वाचून मला चक्क आनंद झाला, कारण ती चुकांनी भरलेली होती. दस्तऐवज क्रमांक नव्हता. कलम भलतंच होतं. मी त्याला झापला. म्हटलं, “साहेब, अशी नोटीस चालत नाही.”

तिथेच फोन ठेवायचा होता. पण तो शांतपणे म्हणाला, “बरोबर आहे तुमचं, सर. दुरुस्त करून पाठवतो.” आणि खरंच पाठवली. क्रमांक आला, कलम मी सांगितलं तेच आलं. आमच्या कामात चूक दाखवली, साहेबाने मानली आणि सुधारलेला कागद आला की वाद मिटतो. माझाही मिटला. मीच सुधारून घेतलेला कागद मला खरा वाटला. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मग व्हिडिओ कॉल सुरू झाला. समोर गणवेशातला माणूस, मागे झेंडा. तुम्हाला घरातच अटक आहे, कोणाशी बोलायचं नाही, आणि चौकशी संपेपर्यंत तुमच्या ठेवी सरकारी खात्यात जमा करा, तपासून परत मिळतील, असं त्याने सांगितलं. हे ऐकूनही मला काही वावगं वाटलं नाही. कस्टम्सच्या कामात कर मान्य नसला तरी माल सोडवण्यासाठी तो आधी भरतात, सोबत ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत नोंदवून भरतोय, असं लिहून देतात आणि नंतर भांडून परतावा घेतात. असे कित्येक परतावे मी मिळवून दिले होते. मी तसं पत्र टाइप केलं, त्यांना पाठवलं आणि शिक्क्यासकट पोच मागितली. पोच आली. आता पैसा कुठे जात नाही, असं समजून मी जेवायला बसलो.

ठेव दोघांच्या नावावर होती. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ती ठेवलेली. मोडायला तिचीही सही लागणार होती, म्हणून तिच्याशी बोलायची आणि बँकेत जायची साहेबांची रीतसर परवानगी काढून मी तिला सांगितलं. ती माठाची भाजी निवडत होती. म्हणाली, “खरे असते तर ऑफिसात बोलावलं असतं ना? फोनवर कसले पैसे मागतात?” मी म्हणालो, “तुला यातलं काही कळत नाही.” रिक्षात तिने पुन्हा विचारलं. बँकेत हातात पेन घेऊन तिसऱ्यांदा विचारलं, हळू आवाजात, लोकांसमोर माझा अपमान नको म्हणून. मी सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. तिने सही केली. ठेव मोडली आणि पैसे त्यांनी दिलेल्या खात्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सगळे नंबर बंद. मी आणखी दोन दिवस परताव्याच्या आदेशाची वाट पाहत होतो. मग समजलं.

पोलीस ठाण्यातला हवालदार इथल्याच गावातला, निवृत्तीला आलेला. त्याने माझी फाइल सावकाश चाळली. म्हणाला, “काका, तुमचा कागुद एकदम पक्का हाय. पन ह्यो लावनार कुनाला?” मग बायकोकडे वळला. “ताई, तुमाला तरी संशय नाय आला? तुमी इचारायचा ना यांना.”

मी टेबलाकडे बघत राहिलो.

ती म्हणाली, “नाही आला. मलाही खरंच वाटलं.”

हवालदाराने जबाब लिहून वाचून दाखवला. आम्हा दोघांनाही संशय आला नाही, असं त्यात होतं. कागद माझ्यापुढे सरकवला. तिने तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा मी तिला गप्प केलं होतं. एवढं एक वाक्य सांगायला माझी जीभ उचलेना. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेतून ती मला सोडवत होती हेही कळत होतं. मी पेन धरून तिच्याकडे पाहिलं.

“करा सही,” ती म्हणाली. “मग रिक्षा मिळत नाही.”

मी केली.

ठाण्याच्या बाहेर चार पायऱ्या आहेत. एरवी मी पुढे जाऊन रिक्षा थांबवतो. त्या दिवशी मी वरच उभा राहिलो. ती कठडा धरून एक पाय खाली टाकत होती, दुसरा त्याच पायरीवर आणून थांबत होती, दम घेत होती आणि मग पुढची पायरी. चार पायऱ्या उतरायला तिला किती वेळ लागतो, ते मी पहिल्यांदाच पाहिलं.